पंगतीत शेवटी राहिलेला माणूस

गेल्या महिन्यात गावाकडं, कराडजवळ, चुलतभावाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. हॉल वगैरे काही नाही, घरापुढं मंडप टाकलेला, खाली ताडपत्री आणि सरळ पंगत. भावकीतली पोरं बादल्या घेऊन पळतायत, एकाकडं भात, त्याच्या मागनं आमटी, त्याच्या मागं वांग्याबटाट्याची भाजी, मग बुंदी. माझा नऊ वर्षांचा मुलगा माझ्या शेजारी मांडी घालून बसला होता, त्याचं पाच-सात मिनिटांत उरकलं आणि तो पत्रावळ दुमडून उठायलाच लागला. मी दंड धरून त्याला परत खाली बसवलं. त्याच्या पलीकडं एक म्हातारे गृहस्थ होते, तोंडात दात नाहीत, भात आमटीत कुस्करून कुस्करून अगदी मऊ करून खात होते, त्यांची निम्मी पत्रावळ अजून तशीच. मी म्हटलं, "त्यांचं होऊ दे, मग उठायचं." तर म्हणतो, "पण माझं झालंय ना आई, आणि मी त्यांना ओळखत पण नाही."

तेव्हा त्याला नीट उत्तर देता आलं नाही, नुसतं "गप बस" म्हणून मोकळी झाले. पण प्रश्न बरोबर होता त्याचा. माझं झालंय तर मी का थांबायचं? तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय म्हणून आज लिहायला बसले.

मला स्वतःला हे कुणी समजावून सांगितलेलं नाही, मी ते बघितलं होतं. माझे आजोबा, त्यांना आम्ही आण्णा म्हणायचो, शेतकरी माणूस, भराभर जेवायची सवय. दोन भाकरी, कालवण, वर भात, सगळं झटक्यात. पण पाहुणे असले की शेवटचा मूठभर ताकभात ते पानात तसाच ठेवायचे आणि बोटांनी इकडून तिकडे करत बसायचे, मध्येच एखादं शीत तोंडात टाकायचे, एखादी गोष्ट सांगायचे. मला वाटायचं आण्णांना ताकभात आवडत नसणार. ते गेल्यावर कितीतरी वर्षांनी आजीनं सांगितलं की घरच्या मोठ्या माणसानं हात धुवायला उठायचं नसतं, तो उठला की पाहुणा अर्ध्या पोटी उठतो. त्यातून ज्याचं सगळ्यात सावकाश चाललंय त्याला आपण मागं राहिलोय असं वाटता कामा नये, म्हणून तो ताकभात. पाहुण्याचा शेवटचा घास झाला की आण्णांचा व्हायचा, बरोबर त्याच्यानंतर.

आपल्याकडं यजमान पंगतीतून फिरत "सावकाश होऊ द्या" म्हणतो ना, ते मी लहानपणी नुसतं म्हणायचं वाक्य समजत होते. ते वाक्य खरं करायचं तर कुणालातरी ताकभात घेऊन बसावं लागतं.

आता वाढायचं. माझ्या मते जेवायच्या पद्धती मुलांना शिकवायच्या असतील तर आधी त्यांना वाढायला लावावं, जेवायचं कसं हे त्यांना आपोआप कळतं. मी दहा-अकरा वर्षांची असताना गौरीच्या जेवणाला आजीनं पहिल्यांदा माझ्याकडं पानं वाढायचं काम दिलं. मीठ वर मधोमध, त्याच्या डाव्या अंगाला लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजव्या अंगाला भाज्या, उसळ, वाटीत आमटी. मध्ये भाताची मूद, त्यावर वरण, त्यावर तूप. केळीचं पान असेल तर निमुळता शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. मी एका पानावर भाजी आणि चटणीची बाजू उलटी केली तर आजीनं ते सगळं परत करायला लावलं, मला रडू आलं होतं. पण तिनं कारणही सांगितलं. जे बोटभर चाखायचं ते डावीकडं, जे पुन्हा पुन्हा घ्यायचं ते उजव्या हाताच्या जवळ, म्हणजे हात सारखा सगळ्या पानावरून आडवा जात नाही आणि आमटीचे थेंब पण सगळीकडं सांडत नाहीत. प्रत्येकाला एकाच जागी तीच गोष्ट वाढलेली असली की वाढणाऱ्यालाही लांबून दिसतं कुणाचं काय संपलं. इतकं साधं आहे ते.

आजीचे दोन नियम होते आणि मला ते कायम एकमेकांच्या विरुद्ध वाटायचे. एक, दुसऱ्याच्या पानात बघायचं नाही. दोन, दुसऱ्याच्या पानात काय संपलंय ते आपल्याला दिसलं पाहिजे. आता चाळिशी आली तेव्हा कुठं कळलं की दोन्हीकडं बघणं वेगळंय. तो किती खातोय, काय टाकतोय, पोळ्या किती झाल्या, हे बघायचं नाही आणि चुकून दिसलं तरी बोलायचं तर मुळीच नाही. "अरे वा, आज चौथी पोळी का" असं कुणी हसत जरी म्हणालं तरी तो माणूस त्या घरात पुन्हा पोटभर जेवत नाही, मी बघितलंय हे. पण त्याच्या पानातली आमटी संपलीय आणि तो कोरडा भात चिवडत बसलाय हे दिसलं पाहिजे, कारण लाजरी माणसं मागत नाहीत. नवीन सून मागत नाही, जावई पहिल्या वर्षी मागत नाही, ज्याच्या घरची परिस्थिती आपल्यापेक्षा बेताची आहे तो तर कधीच मागत नाही. वाढणाऱ्यानं त्यांच्यावर मागायची वेळच येऊ देऊ नये.

याच्याच जोडीचा एक शब्द माझ्या वडिलांनी शिकवला, पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत एकाला तुपाची धार आणि दुसऱ्याला तुपाचा नुसता वास, याला म्हणायचं पंक्तिप्रपंच. बाबा शाळेत शिक्षक होते, ते म्हणायचे या एका पापासाठी मराठीत वेगळा शब्द आहे म्हणजे लोकांना ते किती लागलं असेल बघ. म्हणून वाढायला सुरुवात केली की पंगतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं, मध्येच ओळखीचा चेहरा दिसला म्हणून थांबून त्याला दोन जिलब्या जास्त द्यायच्या नाहीत. आणि सगळ्यांच्या पानात वाढून झाल्याशिवाय, "हर हर महादेव" झाल्याशिवाय कुणी घासाला हात लावायचा नाही, भूक कितीही लागलेली असो.

बाकीच्या बारीकसारीक गोष्टी सगळ्यांना माहितीच आहेत. भात बोटांच्या पेरांनी कालवायचा, तळहाताला लागू द्यायचा नाही, भाताला आळं करून त्यात आमटी घ्यायची, मचमच आवाज करायचा नाही, उष्ट्या हाताने डाव धरायचा नाही, पाण्याचं भांडं डाव्या हातानं उचलायचं, हवं तेवढंच घ्यायचं आणि पानात टाकायचं नाही. भुरक्याबद्दल मात्र मी ठाम आहे, कढी, सार, ताक, कोल्हापूरचा पांढरा रस्सा हे वाटी तोंडाला लावून भुरकायचेच पदार्थ आहेत, त्यात काही गावंढळपणा नाही. काट्याचमच्याचे क्लास लावून आलेल्या कुणाला त्याची लाज वाटत असेल तर वाटू दे.

आग्रह हा जरा नाजूक विषय. आपल्याकडं आग्रह केला नाही तर लोक म्हणतात विचारलं पण नाही, आणि केला तर साखर वाढते. माझ्या सासऱ्यांना डायबेटिस आहे, एका लग्नात त्यांच्या पानात "माझ्यासाठी एक" करत करत तीन जणांनी जिलब्या टाकल्या, आणि टाकायचं नाही ही लहानपणापासूनची सवय म्हणून त्यांनी त्या खाल्ल्या. रात्री खूप त्रास झाला त्यांना. मला त्या वाढणाऱ्यांचा राग आला, अजून येतो. दोनदा विचारावं, तिसऱ्यांदा हाताकडं बघावं. माणसानं पानावर आडवा हात धरला की तिथं संपलं. त्या हाताच्या फटीतून जिलबी सरकवायची ही गंमत नाहीये, जो अन्न टाकत नाही त्याला आपण अडचणीत टाकतो. आता मी घरी नियमच केलाय की गोड विचारून वाढायचं आणि सासऱ्यांच्या पानात त्यांच्यासाठी म्हणून वेगळं काहीतरी चांगलं ठेवायचं, भाजलेले शेंगदाणे घालून काकडीची कोशिंबीर नाहीतर मसाला ताक, म्हणजे बाकीचे जिलबी खाताना ते रिकामं पान घेऊन बसलेत असं होत नाही.

पंगतीचं इतकं कौतुक केलं, आता तिची दुसरी बाजू लिहिली नाही तर ते खोटं होईल. आपल्याकडं कोण कसा जेवतो यापेक्षा कोण कुणाच्या शेजारी बसतो यावर जास्त डोकी फुटलीत. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये मिशनऱ्यांकडं चहा घेतला म्हणून न्यायमूर्ती रानडे आणि टिळकांसारख्या माणसांवर केवढं वादळ उठलं होतं, प्रकरण पार प्रायश्चित्तापर्यंत गेलं. नुसत्या चहावरून! आणि ही तर वरच्या जातीतल्या, नाव असलेल्या लोकांची गोष्ट, ज्यांना शतकानुशतकं पंगतीच्या बाहेर लांब बसवून वरून वाढलं त्यांचं काय. आमच्याच गावात माझ्या आईच्या लहानपणी जत्रेला वेगळ्या पंगती होत्या, हे तिनं सांगितलंय. सगळी पद्धत, डावं-उजवं, हर हर महादेव, तूप, सगळं व्यवस्थित, आणि तरी माणसांना असं वागवलेलं.

म्हणून मला शाहू महाराजांची गोष्ट जेवणाच्या पद्धतीचीच गोष्ट वाटते. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढलं, अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा कोण पिणार असं झालं, तर महाराज स्वतः गाडी तिथं थांबवून त्यांच्याकडचा चहा प्यायचे आणि बरोबरच्या बड्या लोकांनाही पाजायचे. भाषण देण्यापेक्षा ते अवघड होतं. भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत, एका माणसाच्या हातचं घेऊन पिणं.

आणि हे जुनं झालं असं म्हणायची सोय नाही. माझ्या आधीच्या ऑफिसात आम्ही आठ-नऊ जण डबे एकत्र करून जेवायचो. एक मुलगा होता रत्नागिरीकडचा, त्याच्या डब्यात कधी सुकट, कधी बोंबलाची चटणी असायची. एक दिवस कुणीतरी नाक धरून "अरे झाकण लाव ना" म्हणालं, बाकीचे हसले, मी हसले नाही पण मी काही बोलले पण नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं बटाट्याची भाजी आणली. तिसऱ्या दिवशीपासून तो आपल्या जागेवर बसून, कॉम्प्युटरकडं तोंड करून एकटाच जेवायला लागला. कुणालाच त्याचं काही वाटलं नाही, म्हणजे सगळ्यांना वाटलं असेल पण कुणी उठून त्याच्याकडं गेलं नाही. मी जायला पाहिजे होतं माझा डबा घेऊन. ही गोष्ट मी मुलाला मुद्दाम सांगितलीय, की दुसऱ्याच्या डब्याला नाक मुरडायचं नाही, आपल्याला वास सहन होत नसेल तर आपण गप्प बसायचं, ती त्याच्या आईनं सकाळी उठून केलेली चटणी आहे.

पंगत कशी असू शकते ते मला नांदेडला दिसलं. हजूर साहिब गुरुद्वारात, जिथं गुरु गोविंदसिंगांनी 1708 मध्ये देह ठेवला, तिथल्या लंगरला आम्ही दोन वर्षांपूर्वी गेलो होतो. शीख पण त्याला पंगतच म्हणतात, आपलाच शब्द. डोकं झाकायचं, जमिनीवर रांगेत जिथं जागा असेल तिथं बसायचं, शेजारी कोण आलंय ते आपण ठरवायचं नाही. माझ्या एका बाजूला पंजाबातून आलेल्या आजी, दुसऱ्या बाजूला एक ट्रक ड्रायव्हर. रोटी वाढायला आले की दोन्ही हातांची ओंजळ पुढं करायची, ताटात टाका म्हणून बोटानं दाखवायचं नाही. लाखांची गाडी बाहेर लावून आलेला माणूस पण तशीच ओंजळ करतो. माझ्या मुलाला ते फार आवडलं, तो घरी आल्यावर चार दिवस पोळी तशीच घेत होता.

बफेबद्दल मी जास्त लिहीत नाही, तो सोयीचा आहे, हजार माणसांच्या लग्नात पंगती बसवणं कुणाला जमणार. फक्त एवढंच, बफेत कोण जेवलं आणि कोण राहिलं हे कुणालाच माहीत नसतं, गुडघे दुखणाऱ्या मावश्या-आत्या भिंतीकडेच्या खुर्चीत बसून राहतात आणि गर्दी कमी होईपर्यंत मसालेभात गार होतो. मी गेली काही वर्षं हॉलमध्ये गेले की आधी दोन प्लेटी वाढून त्या खुर्च्यांकडं नेऊन देते, मग माझी घेते. आणि मोबाईल जेवताना उलटा ठेवायचा, यावर आमच्या घरी आता वाद राहिलेला नाही.

खरं मला जे लिहायचं होतं ते आता येतंय. ते "सगळ्यांचं होईपर्यंत उठायचं नाही" वगैरे, आण्णांचा तो ताकभात, हे सगळं होतं पुरुषांच्या पंगतीत. बायकांची पंगत सगळ्यात शेवटी. तोपर्यंत भाजीचा तळ, भाताची खरपुडी, बुंदीचा चुरा. आणि आजूबाजूला भांड्यांचा ढीग पडलेला, मुलं झोपेला आलेली, त्यामुळं कुणी कुणासाठी थांबत नव्हतं, भराभर गिळायचं आणि उठायचं. आजी हे सगळे नियम मला शिकवत होती आणि तिला स्वतःला त्यातला एकही मिळाला नव्हता, हे मला फार उशिरा लक्षात आलं, ती असताना लक्षात आलं असतं तर मी तिच्यासाठी ताकभात ठेवून बसले असते.

आणि रोजच्या घरात तर अजून चालूच आहे ते. गरम पोळी. नवरा, मुलं, सासरे टेबलावर, आणि एक बाई गॅससमोर उभी राहून तव्यावरची पोळी डायरेक्ट ताटात टाकतेय. आपण याला प्रेम म्हणतो, आणि आहेच ते प्रेम, मी पण केलंय. पण सगळं घर जेवतंय आणि जिनं केलंय ती जेवत नाहीये, ती बसते तेव्हा बाकीचे हात धुऊन टीव्हीसमोर, याच्याइतकी वाईट जेवायची पद्धत मला दुसरी माहीत नाही. तोंड उघडं ठेवून चावणाऱ्याला आपण टोकतो, हे तर आपल्याला दिसत पण नाही.

आमच्याकडं आता पोळ्या आधी करून, तूप लावून, फडक्यात गुंडाळून डब्यात जातात. गरम फुलका हवा असेल त्यानं उठून करायचा, माझा नवरा शिकला, त्याचे गोल येत नाहीत पण फुगतात. आणि सगळे बसल्याशिवाय कुणी पहिला घास घ्यायचा नाही. पहिले दोन महिने सासूबाईंना ते अजिबात पटलं नाही, गार पोळी कशी खायची म्हणून. मग हळूहळू त्याच सगळ्यांना हाका मारायला लागल्या, "चला, ती बसलीय, या लवकर."

वास्तुशांतीनंतर आई चार दिवस आमच्याकडं पुण्याला आली होती. ती पहिल्या दिवशी सवयीप्रमाणं ओट्यापाशी उभी राहिली, मी तिला हाताला धरून आणून बसवलं. सत्तर वर्षांची बाई, पण पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसली आणि इतकी भराभर जेवली की आमची निम्मी पोळी व्हायच्या आत तिचं ताट रिकामं. उठायलाच लागली. तर माझा मुलगा म्हणतो, "आजी, अजून माझं व्हायचंय, उठायचं नसतं." त्यालाच मी गावात दंड धरून बसवलं होतं. आई परत बसली. तिसऱ्या दिवशी खुर्चीला पाठ टेकून बसली. चौथ्या दिवशी, रविवार होता, आमटी-भात आणि वांग्याचं भरीत केलं होतं, सगळे गप्पा मारत रेंगाळत जेवत होते, आणि आईनं ताट थोडंसं पुढं सरकवलं आणि म्हणाली, "थोडा भात वाढ गं मला."

मी तिच्या पोटची मुलगी, बेचाळीस वर्षांची. आईला जेवताना स्वतःसाठी "वाढ" म्हणताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मी भात वाढला, वर आमटी घातली, आणि माझा शेवटचा घास तसाच ताटात ठेवून बसून राहिले.